तडीपारीची नोटीस आणि राज्यघटना: सरकारचा हात कुठवर पोचतो

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समज चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुमच्या धाकट्या भावाचं तालुक्याच्या गावी गॅरेज आहे. घरात आई, बायको, शाळेत जाणारी मुलगी. त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली नोटीस आली आहे: सातारा, सांगली, सोलापूर आणि पुणे या चार जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, याचा खुलासा करा. नोटिशीत चार गुन्हे दाखवलेत. २०१८ ची मारामारी, त्यात तो निर्दोष सुटला. २०२१ चा पाण्यासाठीचा रास्ता रोको. २०२३ मध्ये बांधावरून झालेली हाणामारी आणि गेल्या वर्षीची दमदाटीची तक्रार, या दोन्ही केसेस चालू आहेत. शिवाय दोन गोपनीय साक्षीदारांचे जबाब. तुमचं म्हणणं असं की कुठल्याही कोर्टाने शिक्षा दिलेली नसताना सरकार एखाद्याला त्याच्या घरातून बाहेर कसं काढू शकतं? भारतात कुठेही राहण्याचा हक्क घटनेने दिलेला नाही का?

हक्क दिलेला आहे. अनुच्छेद १९(१)(ड) प्रमाणे देशभर मुक्तपणे फिरण्याचा आणि १९(१)(ई) प्रमाणे कुठेही राहण्याचा. पण त्याच अनुच्छेदाच्या पाचव्या खंडात सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी या हक्कांवर कायद्याने वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही आहे. तडीपारी त्या मुभेवर उभी आहे. तेव्हा ‘शिक्षा नसताना तडीपार करता येतं का’ याचं उत्तर, तुम्हाला आवडणार नाही तरी, ‘येतं’ असंच आहे. हा मुद्दा घेऊन हायकोर्टात गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत संपेल. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई शहर पोलीस कायद्यातली अशीच तरतूद वैध ठरवली आणि १९५६ मध्ये आपल्या पोलीस कायद्यातलं ५६ च्या शेजारचं कलम ५७ सुद्धा टिकलं. गोपनीय साक्षीदारांची उलटतपासणी मिळत नाही, यालाही कोर्टाने तेव्हाच मान्यता दिली. कारण कायद्याचं गृहीतकच असं आहे की काही माणसांच्या दहशतीमुळे लोक उघडपणे साक्ष द्यायला येत नाहीत.

मग लढायचं कशावर? माझ्या अनुभवात या केसेस ‘सरकारला अधिकार आहे का’ या प्रश्नावर जिंकल्या जात नाहीत. ‘या अधिकाऱ्याने, या कागदांवरून, एवढ्या क्षेत्रासाठी, एवढ्या काळासाठी हा अधिकार वापरायला कारण होतं का’ या प्रश्नावर जिंकल्या जातात. घटनेने सरकारला घातलेली मर्यादा हवेत नसते, ती फाईलमध्ये सापडते. म्हणून नोटीस पुन्हा एकदा, शांतपणे, कलम समोर ठेवून वाचा.

आधी बघा, नोटिशीत ५६(१) चा कोणता खंड लावलाय. खंड (अ) म्हणतो की माणसाच्या हालचालींमुळे किंवा कृत्यांमुळे लोकांच्या जिवाला वा मालमत्तेला भय, धोका किंवा इजा पोचत असली पाहिजे, किंवा पोचण्यासारखी असली पाहिजे. खंड (ब) जास्त काटेकोर आहे. त्यात दोन गोष्टी लागतात. एक, तो माणूस बळजबरीचा किंवा हिंसेचा गुन्हा, अथवा जुन्या भारतीय दंड संहितेच्या प्रकरण १२, १६ किंवा १७ मधला (म्हणजे नाणी-मुद्रांक, माणसाचं शरीर किंवा मालमत्ता यांविषयीचा) गुन्हा करतो आहे किंवा करण्याच्या बेतात आहे, असं मानायला वाजवी कारण हवं. दोन, साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघड साक्ष द्यायला तयार नाहीत, असं त्या अधिकाऱ्याचं स्वतःचं मत झालेलं हवं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या गुन्ह्यांना नव्या संहितेतली त्याच अर्थाची कलमं लागतात.

आता तुमच्या भावाचे चार गुन्हे या चाळणीत टाका. रास्ता रोकोच्या केसमध्ये सहसा १४३ म्हणजे बेकायदा जमाव आणि १८८ म्हणजे मनाईहुकूम मोडणे ही कलमं असतात. १४३ आठव्या प्रकरणात आहे, १८८ दहाव्या. दोन्ही खंड (ब) च्या यादीबाहेर. ३४१ लावलं असेल, म्हणजे वाट अडवल्याचं, तर मात्र ते सोळाव्या प्रकरणात येतं, म्हणून एफआयआरची नक्कल बघितल्याशिवाय काही गृहीत धरू नका. दमदाटी पूर्वी ५०४ आणि ५०६ खाली यायची, ती बाविसाव्या प्रकरणात. गेल्या वर्षीची तक्रार असल्याने आता ती नव्या संहितेच्या ३५१-३५२ खाली असेल, पण युक्तिवाद तोच लागू पडतो. उरल्या दोन मारामाऱ्या. त्यातली एक सुटलेली आणि जुनी, दुसरी बांधाच्या वादातून ठरावीक शेजाऱ्याशी झालेली. चार गुन्ह्यांचं वजन वाचताना वाटतं तेवढं राहत नाही. पोलीस मात्र बहुतेक वेळा दोन्ही खंड एकत्र लिहितात, ‘५६(१)(अ)(ब)’ असं. मग (अ) साठी वेगळं बोलावं लागेल: लोकांमध्ये भय पसरलंय हे नेमकं कशावरून? शेजाऱ्याशी भांडण आणि गावभर दहशत यात फरक आहे, आणि तो खुलाशात स्पष्ट शब्दांत मांडायला हवा.

निर्दोष सुटल्याचं तुम्ही ठळकपणे लिहिलंय, म्हणून त्याबद्दल सावध करतो. सुटका झाली म्हणून तो गुन्हा अधिकाऱ्याने बघायचाच नाही, असं कायदा म्हणत नाही. साक्षीदार फितूर झाल्यामुळे आरोपी सुटला असेल तर पोलीस उलट म्हणतात, ‘बघा, म्हणूनच तडीपारी हवी, साक्षीदार घाबरतात.’ कोर्टांनी हा युक्तिवाद पूर्वी मान्यही केला आहे. म्हणून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि सुटका कशामुळे झाली ते वाचा. फिर्यादी कोर्टात आला, त्याने साक्ष दिली आणि कोर्टाने ती खोटी किंवा अविश्वसनीय मानली, असं असेल तर ते पान खुलाशाला जोडा. तसं नसेल तर सुटकेवर फार भर देऊ नका, गुन्हा जुना आहे यावर द्या.

जुनेपणाचा मुद्दा आज सगळ्यात मजबूत आहे. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने जालना जिल्ह्यातली एक तडीपारी रद्द केली. तुमच्या वकिलांनी तो निकाल काढून खुलाशाला जोडायलाच हवा. त्यात कोर्टाने म्हटलंय की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि तो जपून, क्वचितच वापरायचा आहे, कारण या आदेशामुळे माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या कुटुंबासोबत राहू शकत नाही आणि त्याची रोजीरोटीही जाऊ शकते. त्या प्रकरणात २०१३ चे गुन्हे २०२० च्या आदेशाला आधार म्हणून घेतले होते. कोर्टाने ते शिळे ठरवले. जुना गुन्हा आणि आज तडीपार करण्याची गरज यांच्यात जिवंत दुवा लागतो. तुमच्या भावाच्या २०१८ च्या गुन्ह्याला हे जसंच्या तसं लागू होतं. २०२३ च्या गुन्ह्याबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. ती केस चालू आहे, जामिनाच्या अटी मोडल्यात की नाही, त्यानंतर त्या शेजाऱ्याशी पुन्हा काही झालं की नाही, यावर ते ठरेल.

त्याच निकालात मुदतीबद्दलचं म्हणणं आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कलम ५८ मध्ये दोन वर्षं ही कमाल मर्यादा आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच आदेशांत शेवटचा परिच्छेद जवळपास सारखाच असतो: गुन्ह्यांची यादी, ‘सबब माझी खात्री झाली आहे’ आणि मग सरळ ‘दोन वर्षे’. सहा महिने का पुरणार नाहीत, एक वर्ष का नाही, याबद्दल एक ओळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अधिकाऱ्याने निकालपत्रासारखी लांबलचक कारणं लिहिण्याची गरज नाही, पण कमाल मुदत लावायची असेल तर त्यावर विचार केल्याचं आदेशात दिसलं पाहिजे. अनुच्छेद १९(५) मधल्या ‘वाजवी’ला प्रत्यक्षात अर्थ येतो तो इथे. निर्बंध धोक्याच्या मापाचा हवा, त्याहून मोठा नको.

जिल्ह्यांचंही तसंच. कलम ५६ अधिकाऱ्याला आपल्या हद्दीबाहेरचे जिल्हेही जोडू देतं, मग ते लगतचे असोत वा नसोत. त्यामुळे चार जिल्हे घ्यायचा अधिकारच नाही असं म्हणता येणार नाही. पण चारही गुन्हे एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीतले आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग सोलापूर आणि पुणे कशासाठी? पोलिसांचं नेहमीचं उत्तर असतं की वाहनांच्या सोयी वाढल्या आहेत, माणूस शेजारच्या जिल्ह्यात राहून इथे कारवाया करेल. कधी कधी ते खरं असतं. पण ते या माणसाबद्दल खरं आहे असं दाखवणारं फाईलमध्ये काहीतरी हवं. नसेल तर आदेश गरजेपेक्षा जास्त आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा अवाजवी क्षेत्रामुळे अनेक आदेश रद्द केले आहेत. माझं मत मागाल तर, तुम्ही दिलेल्या माहितीवर चार जिल्हे आणि दोन वर्षं हे उघड उघड जास्त आहे.

गोपनीय जबाबांकडे वळतो, कारण घरच्या मंडळींना त्याचाच सर्वांत जास्त राग येतो. नावं मिळणार नाहीत. कलम ५९ प्रमाणे नोटिशीत आरोपांचं ‘सर्वसाधारण स्वरूप’ कळवणं एवढंच बंधन आहे आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपशील दिला तर साक्षीदार ओळखला जाईल, म्हणून तो मागता येत नाही. पण सर्वसाधारण स्वरूप म्हणजे काहीच न सांगणं नव्हे. साधारण कोणत्या काळात, कोणत्या भागात, काय केलं, एवढं कळलं तरच माणूस ‘त्या महिन्यात मी दवाखान्यात होतो’ असं म्हणू शकेल. जबाबांचा सारांश नोटिशीत असेल तर बारकाईने वाचा. साक्षीदार ‘अ’ म्हणतो: संध्याकाळी आठच्या सुमारास रस्त्याने जाताना याने अडवलं, खिशातले पैसे काढून घेतले, ‘पोलिसांत गेलास तर बघून घेईन’ म्हणाला, जमलेले लोक पळून गेले. साक्षीदार ‘ब’ चा जबाबही शब्दशः तोच, फक्त आठच्या जागी नऊ आणि रस्त्याच्या जागी बाजार. जमलेले लोक तसेच पळतात, धमकीचं वाक्यही तेच. असे जबाब मी बरेच वाचलेत. साच्यातून काढल्यासारखे जबाब हा खुलाशात मांडण्याजोगा मुद्दा आहे. दुसरं, या जबाबांची वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः साक्षीदाराला भेटून पडताळणी केली आहे का आणि आदेश देणाऱ्या प्रांतांनी (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी) ते वाचून आपलं मत बनवलं का, हे विचारा. उच्च न्यायालय मूळ फाईल मागवतं तेव्हा पडताळणीच्या ठिकाणी नुसती सही आहे की दोन ओळींचं समाधान लिहिलंय, याने निकाल फिरू शकतो.

रास्ता रोकोबद्दल वेगळं लिहितो. पाण्यासाठी रस्त्यावर उतरणं कायद्याच्या चौकटीत झालं नसेल तर त्याची केस चालेल, शिक्षा झाली तर होईल. पण आंदोलनाचा गुन्हा दहशतीच्या गुन्ह्यांच्या यादीत बसवून माणसाला जिल्ह्याबाहेर काढणं ही गंभीर गोष्ट आहे, कारण त्यात १९(१)(अ) आणि (ब) म्हणजे बोलण्याचा आणि शांततेने एकत्र येण्याचा हक्कही गुंततो. २०२१ मध्ये अमरावतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्या, तक्रारी करणाऱ्या माणसाची तडीपारी रद्द केली आणि असं कठोर पाऊल अपवादात्मक परिस्थितीतच उचलायचं, असं स्पष्ट सांगितलं. भावाने त्या आंदोलनानंतर कुणाविरुद्ध अर्ज, तक्रारी केल्या असतील तर तारखांसह त्याच्या नकला जोडा. पण ‘राजकीय सूडबुद्धी’ असा शब्द पुराव्याशिवाय लिहू नका. पुरावा नसलेला आरोप बाकीच्या चांगल्या मुद्द्यांनाही हलकं करतो.

कायद्याची शब्दरचना सैल असेल तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आपल्याकडचंच आहे. विदर्भ ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, तिथे १९४६ चा गुंडांविषयीचा कायदा होता. १९६० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. गुंड कोण, याची नीट व्याख्याच त्यात नव्हती आणि आपण गुंड नाही हे दाखवायची पुरेशी संधीही नव्हती. निकाल न्या. गजेंद्रगडकरांचा. आपला पोलीस कायदा टिकला तो त्यात कलम ५९ ची सुनावणी आहे म्हणून. मग ती सुनावणी नावापुरती झाली, तर ज्या पायावर कायदा उभा आहे तोच काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून मी सुनावणीच्या टप्प्याला एवढं जपतो, आणि लोक नेमका तोच टप्पा वाया घालवतात. ‘नंतर हायकोर्टात बघू’ म्हणून तारखेला जातच नाहीत.

तारखेला जा. वकील देता येतो, कायद्यात तसं लिहिलेलं आहे. तयारीला वेळ हवा असेल तर लेखी मुदत अर्ज द्या, पण तारखांवर तारखा मागू नका. लेखी खुलासा मुद्देनिहाय असावा आणि त्याची पोच, आवक क्रमांकासह, घ्या. भावाच्या बाजूचे साक्षीदार तपासायचे असतील तर त्यांच्या नावांचा अर्ज द्या. निव्वळ त्रास देण्यासाठी किंवा वेळ काढण्यासाठी अर्ज केला आहे असं वाटल्याशिवाय अधिकाऱ्याला तो नाकारता येत नाही. गॅरेजला ज्यांच्या गाड्या येतात ते व्यापारी, शाळेतले शिक्षक, सोसायटीचे सचिव, अशी माणसं उभी राहिली तर ‘गाव घाबरतं’ या म्हणण्याला उत्तर मिळतं. रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, काय लिहिलं जातंय ते वाचूनच सही करा. चौकशी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याने केली आणि आदेश प्रांतांनी दिला, तर ‘ऐकणारा एक, ठरवणारा दुसरा’ हा दोष म्हणून मांडू नका, कायद्यात त्याला परवानगी आहे. मात्र आदेशात नोटिशीत नसलेला एखादा गुन्हा किंवा जबाब आला, तर तो मोठा दोष आहे, कारण त्याबद्दल खुलासा करायची संधीच मिळालेली नाही.

आदेश विरोधात गेलाच तर कलम ६० खाली तीस दिवसांत शासनाकडे अपील. जिल्ह्यांतली अपिलं पुष्कळदा विभागीय आयुक्तांपुढे चालतात. अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्ज द्या. तिथे नाही जमलं तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात फौजदारी रिट. तुमच्या जिल्ह्यासाठी आता मुंबईला जावं लागणार नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय. कलम ६१ मुळे कोर्टात आव्हानाची कारणं मोजकी आहेत: कलम ५९ ची प्रक्रिया पाळली नाही, आदेशाला आधार देणारं साहित्यच नव्हतं, किंवा साक्षीदार तयार नाहीत असं अधिकाऱ्याचं मत झालेलंच नव्हतं. कोर्ट अधिकाऱ्याच्या जागी बसून पुन्हा ठरवत नाही. त्यामुळे वर सांगितलेला प्रत्येक मुद्दा खुलाशात आधीच आलेला असला पाहिजे. अपील करायला उशीर लावू नका, कारण याचिका सुनावणीला येईपर्यंत निम्मी मुदत संपलेली मी पाहिली आहे.

स्थगिती मिळेपर्यंत आदेश पाळायचा, तो कितीही चुकीचा वाटला तरी. ‘आदेशच बेकायदा आहे, मी घरी राहणार’ असं म्हणून थांबणाऱ्याला कलम ६२ खाली पकडून हद्दीबाहेर नेतात आणि १४२ खाली नवा गुन्हा लागतो. मग मूळ लढाईत तोच गुन्हा त्याच्याविरुद्ध दाखवला जातो. आईचं आजारपण, मुलीची शाळा, कोर्टाच्या तारखा यासाठी कलम ६३ खाली तात्पुरती येण्याची परवानगी मागता येते. ती लेखी मागा, लेखी घ्या आणि परवानगीचा कागद खिशात ठेवूनच हद्दीत पाऊल टाका. तुमच्या भावाच्या नोटिशीवरची सुनावणीची तारीख आणि त्यात लिहिलेला खंड, (अ) की (ब) की दोन्ही, एवढं कळवलंत तर खुलाशात कोणता मुद्दा आधी घ्यावा हे नेमकं सांगता येईल.